निमकरांच्या मशीनचा हरवलेला पासवर्ड

१

यंत्र कधीच खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस.

हे वाक्य चित्रा पेडणेकर आपल्या डोंबिवली पूर्वेच्या क्लासमध्ये प्रत्येक नव्या बॅचला, चष्मा काढून, थोडं थांबून सांगत. त्यांच्या डोक्यामागचं भिंतीवरचं घड्याळ मुलांनी वेळेवर यावं म्हणून मुद्दाम पुढे लावलेलं असे.

क्लासच्या पाटीवर ‘टायपिंग, टॅली, बेसिक कॉम्प्युटर’ असं होतं. बाईंना खरं जे येत होतं ते पाटीवर नव्हतं. तरुणपणी त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत युनिक्सची मोठी मशीनं सांभाळली होती. मग कंपनी गेली, मशीनं भंगारात गेली, आणि त्या जागी बँक्वेट हॉल झाला. जिथे बाई चपला काढून, श्वास रोखून जायच्या, त्या सर्व्हर रूममध्ये आता लग्नाच्या जिलब्या तळल्या जात. बाईंना या गोष्टीचं दुःख नव्हतं. एकदा त्या तिथे जेवून आल्या होत्या आणि जिलबी चांगली होती.

त्यामुळे मंगळवारी सकाळी सुशांत भोईर या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तेव्हा ‘रूट’ हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

“मॅडम, रूटचा पासवर्ड गेलेला आहे.”

“गेला म्हणजे? विसरलास?”

“नाय ना! विसरलेलो नाय. पासवर्ड हाय, पण चालत नाय. तोच टाकतोय, तरी आत घेत नाय. साहेब बोलतात रंभा मॅडमनी जाता जाता बदलला. पोलीस कंप्लेंट करतायत तिच्यावर.”

“तुझं काय म्हणणं?”

“माझं काय म्हणणं असणार मॅडम? मी प्रोबेशनवर आहे.”

निमकर सर्जिकल शूज हा वागळे इस्टेटमधला जुना कारखाना. एक पाय आखूड असणाऱ्यांचे, पोलिओवाल्यांचे, साखरेने तळव्याला जखमा झालेल्यांचे बूट तिथे बनत. तिथल्या युनिक्स मशीनच्या पोटात तीस वर्षांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलांची मापं होती. आता मशीनची डिस्क खरखर करू लागली होती. ती मान टाकायच्या आत सगळ्याची नक्कल काढायला हवी होती, आणि संपूर्ण नक्कल काढायचा अधिकार मशीनवर फक्त रूटला असतो. एकत्र कुटुंबात कपाटाच्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात ती म्हणजे रूट. बाकीची माणसं घरात राहतात, जेवतात, पण कपाटाला हात लावत नाहीत.

किल्ल्या आजवर होत्या रंभा साळवे यांच्याकडे. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर खंडेनवमी, दसरा, जोडून आलेली सुट्टी. सोमवारी कारखाना उघडला, आणि पासवर्ड चालेना.

चित्राबाई तासाभरात कारखान्यात पोचल्या. उत्तम निमकर, मालक, साठीचे, पांढरा सफारी, कपाळाला अष्टगंध. त्यांनी चहा मागवला आणि चित्राबाईंसमोर एक टाइप केलेला कागद सरकवला.

“तक्रार तयार आहे. साळवेबाईंचं नाव, पत्ता, सगळं आहे. फक्त शेवटी एक वाक्य आहे ते बघा. ‘तज्ज्ञांच्या मते पासवर्ड हेतुपुरस्सर बदलण्यात आला आहे.’ त्याखाली सही हवी.”

“तज्ज्ञ कोण?”

“तुम्हीच,” निमकर म्हणाले.

२

मशीनची खोली छोटी, थंड आणि आरशासारखी स्वच्छ होती. कपाटाएवढं मशीन, समोर एक जुना जाड मॉनिटर, एक कीबोर्ड. मशीनवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक आणि सुकलेला झेंडूचा हार.

“पासवर्ड काय होता?”

निमकरांनी आजूबाजूला पाहिलं. “इंदुमती. इंग्रजीत. पहिलं आय कॅपिटल. आमच्या या मशीनमध्ये ज्या बाईंचं माप सगळ्यात आधी भरलं, त्यांचं नाव. जाताना साळवेबाईंनी मला आणि सुशांतला, दोघांना एकदमच सांगितलं.”

चित्राबाईंनी टाइप केला. युनिक्सचा एक जुना रिवाज आहे: पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. टिंबंसुद्धा नाहीत. माणूस अंधारात बोलतो आणि यंत्र ऐकतं. यंत्राने ऐकलं आणि प्रवेश नाकारला. त्यांनी पुन्हा सावकाश टाइप केला. पुन्हा नकार.

“दिसलं?” निमकर म्हणाले, जणू हा नकार त्यांनीच मिळवून दिला होता.

“बाईंनी असं का करावं?”

“मनात काहीतरी असणार. इतकी वर्षं होत्या, पण मिसळल्या नाहीत. आता तुम्ही समजू शकता…”

“नाही समजले.”

“म्हणजे, तसं काही नाही. आमच्याकडे कोणाला तसं काही नसतं. पण त्यांचं जरा वेगळं. पूजाबिजा असली की त्यांचा काहीतरी आडमुठेपणा असायचाच.”

“मला अजून समजलं नाही,” चित्राबाई म्हणाल्या. निमकरांनी हातात आणलेला चहा प्यायला, आणि तो गार झाल्याचं त्यांना आढळलं.

आडमुठेपणाची सविस्तर हकीकत गुणाजी राणे यांनी दिली. गुणाजी कटिंगचे फोरमन. चामडं त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कारखान्यात कोणाच्या पायात काही चढत नसे.

“बाई कडक, ताई. पण वाईट नाय. मशीनच्या खोलीत कोणाला घेयाची नाय, येवढाच. साहेबांना पण चपला काढून. खंडेनवमीक आम्ही सगळ्या मशिनींची पूजा करतो ना, कटिंग, प्रेस, शिलाई. ही काय करायची, आतला कीबोर्ड बाहेर आणायची, पाटावर लाल कपडा घालून ठेवायची. म्हणायची, काय ती पूजा हितंच करा, आत पाणीबिणी नको. आम्ही बाहेरच हळदकुंकू वाहायचो. झाली पूजा की उचलून आत.”

“आणि यंदा?”

“यंदा ती नव्हती ना! यंदा साहेब स्वतः आत गेले. साग्रसंगीत. नारळ बिरळ. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांनी मशीनला खरी पूजा मिळाली.”

“तुम्हाला नवं मशीन हवंय का, गुणाजी?”

गुणाजींनी विचार केला. “नव्यात काय असतं, ताई? बटण दाबला की कापतो म्हणे आपोआप. मग माझा काय काम?” आणि मग सावध होऊन, “पण मी नाय हो पासवर्ड घेतलेलो. मला तो दिसत पण नाय.”

संशयितांमध्ये आता एक प्रोबेशनवरचा होता, एकाला आपलं काम जायची धास्ती होती, आणि एक निवृत्त बाई होती जिची तक्रार आधीच टाइप झाली होती. चित्राबाईंनी पदर खोचला आणि मशीन फोडायला घेतलं.

३

पासवर्ड हरवलेलं युनिक्स मशीन उघडायचं रहस्य असं आहे की त्यात रहस्य काही नाही. दाराला कितीही भारी कुलूप असो, मशीनला हात लावू शकणारा माणूस ते बाहेरून चालू करू शकतो. कंपनीची मूळ सीडी घालायची, मशीन स्वतःच्या डिस्कऐवजी त्या सीडीवरून जागं करायचं, आणि मग त्याची डिस्क बाजूला पडलेल्या पेटीसारखी उघडून आत बघायचं. आत एक फाइल असते. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या पासवर्डचा दळून काढलेला भुगा असतो. भुग्यावरून पासवर्ड कळत नाही, पण रूटच्या नावापुढचा भुगा पुसता येतो. पुसला की रूटला पासवर्डच उरत नाही, आणि रूट सरळ आत येतो.

सीडी साळवेबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर ‘हलवू नये’ असं लिहून, जिथे असायला हवी तिथेच ठेवली होती. चोरी करून जाणाऱ्या बाईने घरफोडीचं हत्यार मागे एवढं नीट ठेवावं, याची चित्राबाईंनी नोंद घेतली.

त्यांनी आधी त्या फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवली. मग फाइल उघडली. आणि पुसायच्या आधी त्या थांबल्या.

“काय झालं?” मागून निमकर.

“साहेब, या ओळीत भुग्याशेजारी एक आकडा असतो. पासवर्ड शेवटचा कधी बदलला, त्याचा. युनिक्स तो एकोणीसशे सत्तरपासूनच्या दिवसांत मोजतं. त्याची खोडच आहे तशी.”

“मग? सप्टेंबर अखेर ना?”

बाईंनी मोबाइलवर भागाकार केला. मग पुन्हा केला.

“साहेब, हा पासवर्ड गेल्या दहा-बारा वर्षांत कोणीही बदललेला नाही.”

ज्या गुन्ह्याची तक्रार टाइप करून, पंच करून, फाइलला लावून तयार होती, तो गुन्हा घडलाच नव्हता.

निमकर हार मानणाऱ्यांतले नव्हते. “म्हणजे तिनं आम्हाला खोटा पासवर्ड सांगितला!”

“साहेब, नाय,” सुशांत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “तिच्या लास्ट डेला मी स्वतः टाकून बघितलेला. तिनेच सांगितलं, बस आणि टाक. चाललेला.”

“मग तू बदललास!”

“बदललाच नाय ना कोणी! मॅडम आताच बोलल्या!”

तोच पासवर्ड. बदललेला नाही. त्या दिवशी चालत होता, आज चालत नाही. चित्राबाईंना क्षणभर त्या बँक्वेट हॉलची फार आठवण आली. जिलबीला असले प्रश्न पडत नाहीत.

त्यांनी रूटचा रकाना पुसला, युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे दोन कॅपिटल झेड ठोकून फाइल जतन करून बंद केली, मशीन नेहमीसारखं सुरू केलं. रूट विनापासवर्ड आत आला. मग त्यांनी नवा पासवर्ड दिला: मोगरा, इंग्रजीत, पहिला एम कॅपिटल, पुढे कारखान्याचा पिनकोड. एक तरी कॅपिटल अक्षर हवंच, हा त्यांचा वर्गातला नियम. यंत्राने दोनदा विचारलं, बाईंनी दोनदा टाइप केला, यंत्राने स्वीकारला. बाहेर पडून पुन्हा आत येऊन पाहिलं. चालला. सुशांतला बसवलं. त्याचाही चालला.

“झालं तर!” निमकर खूश झाले. “आता सही करून टाका.”

“काय झालं ते कळल्याशिवाय मी सही करत नाही.”

“अहो, कळून काय करायचंय? उघडलं ना?”

“तक्रारीत एका बाईचं नाव आहे, साहेब. मशीन उघडलं म्हणून ते पुसलं जात नाही. मला त्यांना भेटायचंय. गाडी द्या.”

निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केलं. साळवेबाईंनी अशी कडक अट घालून ठेवली होती की रूटने फक्त या खोलीतल्या या कीबोर्डवरूनच आत यायचं, दुसरीकडून नाही. नक्कल सुशांतच्या लॅपटॉपवर उतरवायची होती, म्हणून चित्राबाईंनी ती अट तेवढी सैल केली आणि सुशांतला कामाला लावलं.

४

ठाण्याहून कल्याणला मोटारीने जाणाऱ्या माणसाला शीळफाट्यावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. चित्राबाईंची गाडी एका सिमेंट मिक्सरच्या मागे उभी राहिली. विचार पुढे सरकत नव्हता, मिक्सरही सरकत नव्हता.

फोन वाजला. सुशांत.

“मॅडम, गडबड झाली. तुम्ही दिलेला पासवर्ड पण चालत नाय.”

“काय?”

“लॅपटॉपवरून मोगरा टाकतोय, घेत नाय. खोलीत जाऊन मशीनसमोर टाकला तर चालतो! परत लॅपटॉपवर आलो, नाय चालत. साहेब बोलतात ती घरबसल्या काहीतरी करतेय. साहेबांनी पोलीस स्टेशनला फोन पण लावलेला, पण बिझी आला.”

“साहेबांना सांग, मी येईपर्यंत तो बिझीच ठेवा. आणि ऐक, तू नीट टाइप केलास? एम कॅपिटल?”

“मॅडम, तुमच्याकडेच शिकलोय,” सुशांत दुखावून म्हणाला.

चित्राबाई त्याला दोन बोटांनी टाइप करण्यापलीकडे कधीच नेऊ शकल्या नव्हत्या, पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

रंभा साळवे कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर राहत. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात भाजी निवडायची परात होती आणि चेहऱ्यावर ‘या, तुम्हीच राहिला होतात’ असा भाव. हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर, खाली बी.एस्सी.च्या पदवीदानाचा फोटो.

“पोलीस का?”

“नाही हो. मी चित्रा पेडणेकर. युनिक्सवाली.”

“अजून आहे का कोणी?” रंभाबाई म्हणाल्या आणि परात बाजूला ठेवून त्यांनी खुर्ची पुढे केली. “बसा. काल साहेबांचा फोन आलेला. म्हणाले, अख्ख्या फ्लोअरसमोर तुमचं नाव घेतलंय मी. शनिवारचा निरोप समारंभ रद्द. तीस वर्षं त्या खोलीची फरशी मी स्वतः पुसली, मॅडम. झाडूवाल्याला आत घेतला नाही, पाणी सांडेल म्हणून. आणि आता मी चोर.”

“तुम्ही पासवर्ड बदललेला नाही, हे मला माहीत आहे.”

रंभाबाईंनी पहिल्यांदा नीट पाहिलं. “कसं माहीत?”

“मशीननेच सांगितलं. तारीख आहे आत.”

“मग मशीनलाच न्या साक्षीला. माझं कोण ऐकणार?” त्या हसल्या, पण ते हसू चहा टाकायला स्वयंपाकघरात जाईपर्यंतही टिकलं नाही. “इंदुमती म्हणजे कोण, सांगितलं साहेबांनी? एक पाय चार बोटं आखूड असलेल्या बाई. आमच्या बुटांवर पहिल्यांदा वाकडं न चालता गेल्या, तेव्हा सगळा कारखाना दारात उभा होता. माणसाचं नाव आहे ते. लहान अक्षरानं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं का?”

“खंडेनवमीला तुम्ही कीबोर्ड बाहेर आणायचात म्हणे.”

“गुणाजीने सांगितलं वाटतं.” रंभाबाईंनी चहा गाळला. मग कपबशीकडे बघत म्हणाल्या, “तुम्ही या लाइनमधल्या, म्हणून सांगते. तो तो कीबोर्ड नव्हताच.”

“म्हणजे?”

“फार पूर्वी एक खराब झालेला होता. वायर कापून कपाटात ठेवला होता. दर वर्षी तोच लाल कपड्यावर. हळद वाहा, कुंकू वाहा, नारळाचं पाणी शिंपडा. धुतला तरी चालायचा. खरा आत कोरडा.”

“कोणाला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? पूजेचं पाणी मशीनला नको म्हटलं असतं, तर लोकांना मशीन दिसलं नसतं. मी दिसले असते.” त्यांनी कप पुढे केला. “त्यापेक्षा एक मेलेला कीबोर्ड बरा. त्यांची श्रद्धा राहिली, माझं मशीन राहिलं.”

चित्राबाईंनी कप तसाच खाली ठेवला.

“रंभाबाई, चप्पल घाला. आपल्याला वागळे इस्टेटला जायचंय.”

“मी? त्या दारात? आता पोलिसांबरोबरच जाईन.”

“पोलीस बिझी आहेत,” चित्राबाई म्हणाल्या.

५

मशीनच्या खोलीत पाच माणसं म्हणजे गर्दी. रंभाबाईंनी आत येताना सवयीने चपला बाहेर काढल्या. निमकरांनीही काढल्या, का काढल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गुणाजी दारातच राहिले.

“सुरुवात जिथून करायला हवी होती तिथूनच करू,” चित्राबाई म्हणाल्या. वर्गात बोलायची सवय असल्याने त्यांनी चष्मा काढला. “इथे एक पासवर्ड मशीनवर चालत नाही, जरी तो बरोबर आहे. दुसरा पासवर्ड मशीनवर चालतो, पण दुसरीकडे चालत नाही, जरी तोही बरोबर आहे. पहिला रंभाबाईंचा, दुसरा माझा. दोघींनी एकत्र कट केला असेल तर गोष्ट वेगळी, पण आमची ओळख आजची आहे.”

“मुद्द्यावर या,” निमकर म्हणाले.

“दोन्हींत सारखं काय? दोन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. आता युनिक्सचा एक स्वभाव बघा. जवळजवळ सगळे हुकूम लहान अक्षरांत. दिवसभर काम करा, कॅपिटल फारसं लागत नाही. लागतं ते पासवर्डमध्ये. आणि पासवर्ड पडद्यावर दिसत नाही. म्हणजे कॅपिटल उमटतं की नाही, हे या खोलीत कोणाला कधी दिसणारच नाही. सुशांत, बस. पासवर्ड नको. नुसतं कॅपिटल आय टाइप कर, जसं नेहमी करतोस तसं.”

सुशांतने डाव्या हाताचं बोट शिफ्टवर ठेवलं, उजव्या हाताच्या बोटाने आय दाबला. पडद्यावर छोटा आय उमटला. त्याने परत दाबला. परत छोटा.

“आयला,” सुशांत म्हणाला. मग, “सॉरी मॅडम.”

“आता उजवीकडची शिफ्ट दाबून.”

मोठा आय उमटला, सरळ, खांबासारखा.

“डावी शिफ्ट मेली आहे,” चित्राबाई म्हणाल्या. “सुशांत सगळ्याला डावीच वापरतो. साहेब, तुम्हीही. मी टायपिंग शिकवते, त्यामुळे मी नियमाने चालते: उजव्या हाताच्या अक्षराला डावी शिफ्ट, डाव्या हाताच्या अक्षराला उजवी. आय आणि एम दोन्ही उजव्या हाताचे. म्हणून माझाही घात झाला. झेड डाव्या हाताचा, तिथे उजवी शिफ्ट, म्हणून फाइल बंद करताना मला काही जाणवलं नाही. इंदुमती छोट्या अक्षराने गेली, ती चुकीची ठरली. मोगरा दोन्ही वेळा छोट्या अक्षरानेच नोंदला, म्हणून इथे बरोबर ठरला. लॅपटॉपवर तो मोठा झाला आणि चुकला.”

त्यांनी बाजूला ठेवलेली जुनी फाइल परत जागेवर घातली. आता रूटचा पासवर्ड पुन्हा जुनाच होता. मग त्या खुर्चीवरून उठल्या.

“रंभाबाई, तुम्ही टाका. उजवी शिफ्ट.”

रंभाबाई बसल्या. त्यांनी सावकाश टाइप केलं, जणू कोणाच्या तरी पायाचं माप घेत होत्या. एंटर. मशीनने त्यांना आणखी काहीही न विचारता आत घेतलं.

गुणाजींच्या तोंडून “वा!” निघून गेलं. निमकर मात्र अजून तक्रारीच्या बाजूने उभे होते.

“पण मग शिफ्ट मेली कशी? त्या होत्या तोवर चालत होती. मध्ये कोणीतरी…”

चित्राबाईंनी पर्समधून केसांची पिन काढली आणि डावी शिफ्ट कडेने उचकटली. टप् करून बटण निघालं. खाली हळदीचा पिवळा राप होता, नारळाच्या पाण्याने चिकट झालेला. आणि त्यात, पाणी पिऊन फुगलेला, मग वाळून दगड झालेला, तांदळाचा एक दाणा. कुंकवाने लाल. बटण खाली जायचं, पण या अक्षतेवर अडायचं, आणि तळाला टेकायचंच नाही.

निमकर दाण्याकडे बघायला वाकले.

“म्हणजे गुन्हेगार…” निमकरांनी सुरुवात केली.

“तुम्ही,” चित्राबाई म्हणाल्या. “हेतुपुरस्सर नाही, असं मी लिहून देते. हवी तर सही करते.”

“पण इतकी वर्षं आपण याच कीबोर्डची पूजा करतोय! कधी काही झालं नाही!”

चित्राबाईंनी रंभाबाईंकडे पाहिलं. ते सांगायचा हक्क त्यांचा नव्हता. रंभाबाई उठल्या, कोपऱ्यातलं कपाट उघडलं, आणि लाल कपड्यात गुंडाळलेला, हळदीकुंकवाने माखलेला, शेपूट कापलेला एक कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला.

निमकरांनी तो ओळखला. दर वर्षी त्यावर वाकले होते ते.

“इतकी वर्षं,” ते हळू म्हणाले, “मी एका बंद कीबोर्डाला हळदकुंकू वाहत होतो?”

“मशीन चालत होतं ना साहेब?” रंभाबाई म्हणाल्या.

हा युक्तिवाद निमकरांना धार्मिक दृष्टीने खोडता येईना. ते स्टुलावर बसले. कपाळावरचं अष्टगंध घामाने ओघळलं होतं. “मला एकदा सांगायचं तरी, बाई.”

“सांगून बघितलं होतं. पहिल्याच वर्षी. तुमचे वडील होते. ते म्हणाले, तुम्हाला काय कळणार यातलं.”

निमकर स्टुलावरून उठले. त्यांनी तक्रारीचा कागद घेतला, त्याची घडी केली, घडीची घडी केली, आणि फेकायला डबा सापडेना म्हणून खिशात ठेवला. “काय करू सांगा. समारंभ शनिवारी होणारच. अजून काय?”

“मला बाकी काही नको,” रंभाबाई म्हणाल्या. “ज्या फ्लोअरवर उभं राहून तुम्ही माझं नाव घेतलंत, तिथेच उभं राहून ते शब्द परत घ्या. सगळे असताना. मला त्या लोकांच्या तोंडाकडे बघून घरी जायचंय.”

“घेतो,” निमकर म्हणाले. “शब्द.”

तिकडे सुशांतने लॅपटॉप जोडला. इंदुमती, आय कॅपिटल. मशीन उघडलं, आणि तीस वर्षांची पावलं एकामागून एक बाहेर येऊ लागली.

६

शनिवारी निमकरांनी शब्द पाळला. चित्राबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. फ्लोअरवर मशीनं बंद करून खुर्च्या मांडल्या होत्या, बटाटेवड्यांची परात झाकून ठेवली होती, रंभाबाई मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मागच्या रांगांकडे त्यांनी अजून वळून पाहिलं नव्हतं.

निमकर उभे राहिले. भाषण लिहून आणलं होतं, पण ते त्यांनी वाचलं नाही.

“सोमवारी या जागेवर उभं राहून मी साळवेबाईंबद्दल जे बोललो, ते खोटं होतं,” ते म्हणाले. “चोरी, फसवणूक, जे जे शब्द मी वापरले, ते सगळे मी परत घेतो. चूक माझी होती. माझ्या हातून झाली. आणि ती चूक झाकायला मी सगळ्यात आधी यांचं नाव घेतलं, याची मला लाज वाटते. बाई, सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागतो.” त्यांनी हात जोडले. ते नाटक नव्हतं.

सुशांतने मान खाली घातली. रंभाबाईंनी डोळे टिपले, आणि मग सावकाश, सगळी हिंमत गोळा करून, मागे वळून त्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

चेहरे कोरे होते. शिलाईवरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

“चोरी?” एकीने शेजारणीला विचारलं. “साळवेबाईंनी? कधी?”

“मला काय माहीत? आताच ऐकतेय.”

चित्राबाई गुणाजींकडे वळल्या. गुणाजींनी खाकरून खुलासा केला.

सोमवारी साहेब बोलले तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता. कोणालाच काही ऐकू गेलेलं नव्हतं.